‘लोड घेऊ नकोस’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?

पुण्यात ‘लोड घेऊ नकोस’ म्हणतात, कोलकात्यात ‘चाप निस ना’. चाप म्हणजे दडपण, आणि निस ना म्हणजे घेऊ नकोस. म्हणणारा बहुतेक वेळा मायेनेच म्हणत असतो. पण ते कानावर पडलं की ऐकणाऱ्याचं पुढचं बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं.

समजा, नांदेडहून आलेली तेवीस वर्षांची एक मुलगी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये काम करते. टपरीवर मातीच्या कपातला चहा घेता घेता ती टीम लीडला म्हणते, ‘‘दा, आजकल कुछ ठीक नहीं लग रहा.’’ तो म्हणतो, ‘‘आरे, चाप निस ना!’’ चहा संपतो, दोघं वर जातात. आपण सांगितलं, असं तिला वाटतं. विशेष काही नाही, असं त्याला वाटतं. तीन महिन्यांनी तिच्या कामात चुका सापडू लागतात, सकाळच्या मीटिंगला ती दिसेनाशी होते, आणि तो अगदी खऱ्या आश्चर्याने विचारतो, ‘‘आधी का नाही सांगितलंस?’’

तिने सांगितलं होतं. पण ज्याच्यावर समोरचा काही करू शकेल, असं त्यात काही नव्हतं. यात तिचा दोष नाही. पगाराच्या वाटाघाटी कशा कराव्यात, मुलाखतीत काय बोलावं, हे सगळं कॉलेजात शिकवतात. मन थकलं तर साहेबांशी कसं बोलायचं, हे कुणी शिकवत नाही.

कोलकात्यात आज मराठी मुलं-मुली बऱ्याच वाटांनी येतात. कुणी सेक्टर फाइव्ह आणि न्यू टाउनच्या आयटी कंपन्यांत, कुणी बँकेची परीक्षा देऊन प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून, कुणी स्टाफ सिलेक्शनमधून केंद्र सरकारच्या कचेरीत, कुणी भूगर्भशास्त्र शिकून जिऑलॉजिकल सर्व्हेच्या मुख्यालयात, कुणी कोल इंडियात. हावडा ते पुणे आझाद हिंद एक्स्प्रेसला तीस तासांहून जास्त लागतात. म्हणजे शनिवार-रविवारची सुट्टी काढून घरी जाऊन येणं नाही. भाषा नवी, जेवण नवं, आणि नोकरीतलं पहिलं वर्ष. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. हिंजवडीत किंवा बंगळुरात बसून वाचणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

मला सांगायचं आहे ते एवढंच: ऑफिसात बोलताना त्रासाचं नाव मागे ठेवावं आणि त्याने कामावर काय परिणाम झाला, काय केलं तर सोपं जाईल, किती दिवसांसाठी, हे पुढे ठेवावं. आणि हे काम बिघडायच्या आत बोलावं.

आधी मराठीत लिहा

बंगालीत ‘मोन खाराप’ हा शब्दप्रयोग दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. पाऊस थांबत नाही, मोन खाराप. मोहन बागान हरलं, मोन खाराप. दुर्गापूजा संपली, मग तर सगळ्या शहराचंच मोन खाराप. मला ही सवय फार आवडते. मनाची अवस्था इतक्या सहज बोलून दाखवणं आपल्याकडे कमी आहे. आपण मराठी माणसं मनाचं दुखणं शरीराच्या वाटेने सांगतो. पित्त झालंय, डोकं जड आहे, अन्न गोड लागत नाही. फार तर ‘करमत नाही’ म्हणतो, आणि तेही गाव सुटल्याचं दुःख म्हणून.

पण इथेच गफलत होते. तुम्ही हिंदीत ‘मन ठीक नहीं’ म्हणालात की बंगाली साहेबांच्या मनात त्याचं ‘मोन खाराप’ होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत जाणारी गोष्ट. ते मिष्टी मागवतील, घरी जेवायला बोलावतील. त्यांनी ऐकलं ते त्यांच्या भाषेत बरोबरच ऐकलं. उलट तुम्ही एकदम ‘डिप्रेशन’ म्हणालात तर तो शब्द दोन टोकांना जातो. कुणाला तो रोज वापरून गुळगुळीत झालेला वाटतो, तर कुणाला त्यातून थेट हॉस्पिटल दिसतं. भावनेचे शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना त्यांचं वजन बदलतं. तारखा आणि तासांचं वजन बदलत नाही.

म्हणून बोलायला जाण्याआधी एका कागदावर मराठीत लिहून काढा. हे केव्हापासून चाललंय, झोपेचं काय, जेवणाचं काय. कोणतं काम पूर्वी तासात व्हायचं आणि आता त्याला तीन तास लागतात. दिवसाचा कोणता वेळ सगळ्यात जड जातो आणि कोणता त्यातल्या त्यात बरा. हा कागद कुणाला दाखवायचा नाही. आपल्या भाषेत लिहिलं की स्वतःशी खोटं बोलणं अवघड जातं, म्हणून तो मराठीत. उदासी किंवा कशातच रस न वाटणं सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ टिकलं तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात. तुमच्या कागदावर तसं दिसत असेल तर साहेबांच्या आधी डॉक्टरांकडे जा. निदान स्वतः करू नका, आणि मोबाइलवर शोधून तर नकोच.

मग त्या कागदातून ऑफिसात बोलायची तीन-चार वाक्यं काढा. नांदेडच्या त्या मुलीने टपरीवरचं वाक्य सोडून, खोलीत बसून असं म्हटलं तर:

‘‘दा, गेले तीन आठवडे मला रात्री तीन-चार तासांपेक्षा जास्त झोप लागत नाहीये. मी डॉक्टरांना दाखवतेय. सकाळी माझं डोकं चालत नाही, मागच्या आठवड्यातल्या दोन चुका त्याच वेळच्या होत्या. पुढचा एक महिना मला नऊऐवजी अकराला आलेलं चालेल का? संध्याकाळी मी तेवढं थांबेन. क्लायंटचा सकाळचा कॉल तेवढ्यापुरता दुसऱ्या कुणाला देता येईल का?’’

यात कुठेही आजाराचं नाव नाही. खोटंही काही नाही. ‘चाप निस ना’ म्हणून हे बोलणं संपवता येत नाही, कारण शेवटी प्रश्न आहे आणि त्याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं. मागणं लहान आहे, मुदतीचं आहे, आणि ‘डॉक्टरांना दाखवतेय’ या दोन शब्दांनी समोरच्याची मोठी भीती जाते. हिला मीच सांभाळायचं की काय, ही ती भीती.

मुलगे हे वाक्य बोलायला जास्त कचरतात असं मला वाटतं. ‘झोप लागत नाही’ म्हणणंसुद्धा त्यांना हार मानल्यासारखं वाटतं. त्यांनी हवं तर चुकांपासून सुरुवात करावी. ‘‘माझ्या कामाचा दर्जा घसरलाय, मला तो सुधारायचाय, त्यासाठी हे हवंय.’’ अशी सुरुवात कुठल्याही साहेबाला समजते.

कुणाला, कधी

कोलकात्यातल्या ऑफिसात नावापुढे ‘दा’ किंवा ‘दी’ लावतात. दोन दिवसांत नवा माणूसही ‘सर’ सोडून ‘दा’वर येतो. त्याने अंतर खरंच कमी होतं, आणि बोलायला ते उपयोगी आहे. पण ज्यांना आपण ‘दा’ म्हणतो तेच वर्षाअखेरीला आपलं मूल्यमापन लिहिणार असतात, हे ध्यानात असू द्यावं. आणि बंगाली अड्ड्यावर, म्हणजे चहाभोवती जमणाऱ्या त्या सुंदर गप्पांत, कुठलीच गोष्ट एका कानापाशी थांबत नाही. त्यात दुष्टावा नसतो, काळजी असते. पण काळजीनेही बातमी पसरते.

कामाची वेळ किंवा वाटणी बदलून हवी असेल तर थेट ज्यांना ते करता येतं त्यांच्याशी बोला, म्हणजे टीम लीड किंवा मॅनेजरशी. रजा, विमा, बदली, कंपनीचं धोरण यासाठी एचआर. एचआर हा कंपनीचा विभाग आहे. तिथे मित्र शोधू नये आणि शत्रूही. तिथे नियम विचारावेत आणि उत्तर मेलवर मागावं. सोबतीसाठी ऑफिसातला एकच माणूस निवडावा, एकच, आणि त्याला आधीच सांगावं की हे तुझ्यापाशीच राहू दे.

वेळेचं म्हणाल तर रिलीजच्या दिवशी, महिनाअखेरीच्या क्लोजिंगला किंवा शुक्रवारी निघता निघता नको. रात्री एक वाजता व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. त्या वेळी मन सगळ्यात खचलेलं असतं आणि लिहिलेलं सकाळी परत घेता येत नाही. दिवसा साधा निरोप टाका, ‘‘कामासंदर्भात थोडं खासगी बोलायचं आहे, उद्या वीस मिनिटं मिळतील का?’’ बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल करा, ‘‘आज ठरल्याप्रमाणे पुढचे चार आठवडे मी अकरा ते आठ या वेळेत काम करेन. धन्यवाद.’’ त्यात कारण लिहू नका. मॅनेजर बदलतात, त्यांचं बोलणं विसरलं जातं, आणि मग हजेरीच्या तक्त्यात तुमच्या नावापुढे नुसते लाल ठिपके उरतात. हा मेल तेव्हा कामाला येतो.

आजाराचं नाव सांगावं का?

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या बोलण्यात सांगू नये. आजार लाजेचा आहे म्हणून नाही. सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि न सांगितलेलं कधीही सांगता येतं, म्हणून.

इथे कायद्याची एक बाजू बहुतेकांना ठाऊक नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातलं कलम २३ रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखायला सांगतं, पण ती जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर आहे. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका यांच्यावर. तुम्ही चहा पिताना मॅनेजरला जे सांगितलंत त्यावर त्या कलमाचं कुलूप नाही. म्हणून डॉक्टरांपाशी मोकळेपणाने सगळं बोला आणि ऑफिसात मोजून बोला.

काही वेळा मात्र नाव सांगणं शहाणपणाचं असतं. औषधाने गुंगी येते आणि काम रात्रपाळीचं, यंत्रावरचं किंवा गाडी चालवायचं आहे. उपचार लांबणार आहेत. इस्पितळात भरती व्हावं लागणार आहे. किंवा वागण्यातला बदल इतका ठळक आहे की कारण न कळल्यास लोक शिस्तीचा प्रश्न समजतील. अशा वेळी डॉक्टरांशी आधी बोलून, एचआरकडे, लेखी सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण ठरवावं असं तो कायदा म्हणतो. तुमच्या कंपनीचं ते धोरण काय आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. साधी उदासी किंवा तात्पुरता ताण या कायद्यात बसत नाही. आजार बराच गंभीर आणि टिकणारा असावा लागतो.

१७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात निकाल दिला. मानसिक अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्याच्या ज्या वागण्यामागे ते अपंगत्व आहे, त्या वागण्यासाठी शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, असं न्यायालयाने म्हटलं. अशी वेळ तुमच्यावर येऊ नये. पण पहिल्या दिवसापासूनची प्रिस्क्रिप्शनं आणि दाखले तारखेसह जपून ठेवायला काहीच लागत नाही, एक फोल्डर पुरतं.

रजेच्या दाखल्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा की यात किती लिहिणं गरजेचं आहे. पुष्कळ ठिकाणी ‘माझ्या उपचारांखाली आहेत, इतके दिवस विश्रांतीची गरज आहे’ एवढ्यावर भागतं. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर वैद्यकीय दाखल्यावर मिळणारी परिवर्तित रजा, म्हणजे कम्युटेड लीव्ह, आजार मनाचा असला तरी मागता येते. नोकरीला लागताना भरायच्या फॉर्मात प्रकृतीबद्दल थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नका. गप्प राहणं आणि खोटी सही करणं यात फार अंतर आहे.

विम्याचंही बघून ठेवा. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ मुळे विमा कंपन्यांना शारीरिक आजारांइतकंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावं लागतं. पण गट विमा बहुधा भरती झाल्यावर लागू होतो, डॉक्टरांची साधी फी त्यात येईलच असं नाही. कंपनीने बाहेरची समुपदेशन सेवा लावलेली असेल तर पहिल्याच फोनवर विचारा, ‘‘माझं नाव कंपनीला कळतं का? किती सत्रं मोफत? कोणत्या परिस्थितीत तुम्ही माझी माहिती पुढे देता?’’ प्रामाणिक समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही.

मन थकलंय की कामच चुकीचं चाललंय?

इथे मला थोडं थांबायचं आहे. सगळा त्रास मनाच्या खात्यावर टाकणं ऑफिसांना सोयीचं असतं. रोज चौदा तास काम करून घ्यायचं आणि दर शुक्रवारी ध्यानाचा वर्ग ठेवायचा, हे चालू देऊ नये.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून थोडेच महिने झालेल्या एका २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट तरुणीचं निधन झालं. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यात कामाच्या बोज्याबद्दल लिहिलेलं होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. त्यानंतर रस्त्यावर उतरलेले कनिष्ठ डॉक्टर विश्रांतीसाठी सुरक्षित खोल्या आणि स्वच्छतागृहं मागत होते. त्या शहरात रात्रपाळी करणाऱ्या मुलीला भीती वाटत असेल तर तो तिच्या मनाचा आजार नाही. तिला समुपदेशनाच्या आधी घरापर्यंत सोडणारी गाडी हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी कामाचे १२ अब्ज दिवस वाया जातात, असा तिचा अंदाज आहे. त्या सूचनांत कर्मचाऱ्याला ताण सोसायला शिकवणं आहेच, पण कामाचा बोजा आणि छळ यांसारखी कारणं दूर करणं आणि मॅनेजरना प्रशिक्षण देणं यांवर भर आहे.

म्हणून त्या मराठी कागदावर आणखी एक प्रश्न लिहा. हे काम नसतं, किंवा हे साहेब नसते, तर मी बरी असते का? उत्तर स्पष्ट ‘हो’ असेल तर बोलण्याचा सूर वेगळा ठेवा. तिथे झोपेबद्दल बोलू नका, तासांबद्दल बोला. चार आठवडे रोज आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ टिपून ठेवा. ‘‘फार काम आहे’’ हे मत आहे, त्यावर वाद होतो. ‘‘गेल्या वीस दिवसांतल्या अकरा दिवशी मी रात्री दहानंतर निघाले’’ यावर वाद करायला जागा कमी. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, आणि तुम्हाला ‘तणावग्रस्त’ ठरवून ती बाजूला सारता येत नाही.

डॉक्टर, आई, आणि हाजरा रोड

कोलकाता या विषयात परकं शहर नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये इथे भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. १९३३ मध्ये त्यांनी इथल्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, मानसिक रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. देशातल्या सर्वसाधारण रुग्णालयातला तो पहिलाच मानला जातो. या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं. वेड्यांच्या इस्पितळाच्या फाटकातून न जाता, खोकल्या-तापाच्या रुग्णांबरोबर त्याच दारातून आत जाऊन मनाचं दुखणं दाखवता यावं, ही सोय तिथे झाली. आजही घाबरणाऱ्याला मी हेच सांगेन. कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, रांगेत तुमच्याकडे कुणी पाहत नाही. भवानीपूरला एसएसकेएम रुग्णालयाची इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्री आहे, ती खास याच कामासाठी.

पहिलं बोलणं मराठीतच व्हावं असं वाटत असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनाशुल्क, १० ऑक्टोबर २०२२ पासून. त्यात मराठी निवडता येते. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. दुरून मराठीत समुपदेशन मिळेल का, हे अशा ठिकाणी विचारून पाहावं. रडू आपल्या भाषेत येतं, ते परक्या भाषेत समजावून सांगण्यात अर्धी ताकद जाते.

घरचं बोलणं सगळ्यात अवघड. रोज रात्री फोनवर ‘‘जेवलीस का?’’ ‘‘हो.’’ ‘‘सगळं ठीक ना?’’ ‘‘हो गं.’’ खरं सांगितलं तर आई म्हणणार, नोकरी सोड आणि ये. बाबा म्हणणार, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोघंही घाबरल्यामुळेच तसं बोलतात. सगळं एकदम सांगू नका. एक खरी गोष्ट सांगा, आणि ऐकून काय करायचं तेही सांगा. ‘‘आई, मला सध्या नीट झोप लागत नाही. मी डॉक्टरांकडे जाऊन आलेय. तू काही करू नकोस, फक्त रोज दहा मिनिटं माझ्याशी बोल, आणि मावशीला सांगू नकोस.’’ आयांना काम नेमून दिलं की त्या ते निष्ठेने करतात.

हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथे गणपती बसतो. आठवड्यातून एकदा मोठ्याने मराठी बोलायला मिळणं हेसुद्धा औषधासारखं आहे, त्यासाठी जरूर जा. सगळी कहाणी मात्र तिथे सांगू नका. परमुलखातला मराठी समाज लहान असतो आणि बातमी आझाद हिंदच्या आधी गावी पोचते.

सुट्टीची एक व्यवहाराची गोष्ट. कोलकात्यात सगळ्यांना रजा हवी असते ती दुर्गापूजेला. परदेशी क्लायंट असलेल्या कंपन्यांत त्या दिवसांतही कुणीतरी लागतंच. ‘‘पूजेला मी थांबते, मला गणपतीला किंवा दिवाळीला आठ दिवस द्या’’ हे दोन-तीन महिने आधी बोलून ठेवलं तर बहुधा आनंदाने मान्य होतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. हातात तिकीट असलं की मधले आठवडे जातात.

तुम्ही स्वतःच टीम लीड असाल तर

हल्ली सत्ताविसाव्या वर्षी माणूस टीम लीड होतो. कुणी तुमच्यापाशी येऊन असं बोललं तर उपाय सुचवायची घाई करू नका. योगा कर, जिमला जा, मलाही असंच व्हायचं, हे सगळं नंतर. आधी विचारा, ‘‘काय केलं तर तुला काम सोपं जाईल?’’ आणि ‘‘हे मी कुणाला सांगितलेलं चालेल?’’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असेल तर ते पाळा. फक्त एका बाबतीत नाही. समोरचा जगण्यात अर्थ नाही, संपवावंसं वाटतं अशा अर्थाचं बोलला, तर सरळ विचारा, ‘‘जीव द्यायचे विचार येतात का?’’ विचारल्याने ते विचार मनात शिरत नाहीत. उलट कुणीतरी विचारल्याचा आधार वाटतो. अशा माणसाला एकटं सोडू नका, १४४१६ किंवा ११२ ला फोन लावा, जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात सोबत जा आणि घरच्यांना कळवा. तिथे गुपित राखायचं वचन मोडावं.

बरं वाटल्यावर

हे बहुतेक जण विसरतात. औषधं लागू पडतात, झोप येऊ लागते, काम सुधारतं, आणि आपण गुपचूप जुन्या वेळेवर यायला लागतो. मॅनेजरच्या मनात मात्र आपण तसेच आजारी राहतो. नव्या प्रोजेक्टचं नाव निघतं तेव्हा ते म्हणतात, तिला नको, तिला आराम हवाय. ते काळजीनेच बोलतात, पण आपली संधी जाते.

म्हणून ठरलेल्या चार आठवड्यांनी पुन्हा वीस मिनिटं मागा. उतार पडला नसेल तर तेही सांगा आणि आणखी मुदत मागा. उतार पडला असेल तर, अगदी टपरीवर उभं राहून सांगितलं तरी चालेल:

‘‘दा, आता झोप लागतेय. सोमवारपासून नऊला येते. सकाळचा कॉल मला परत द्या. औषध अजून काही महिने चालू राहील, दर महिन्यातल्या एका शनिवारी डॉक्टरांकडे जायचं असतं, तेवढा दिवस सोडून मला कामाला धरा. आणि तो नवा प्रोजेक्ट येतोय ना, त्यात मला यायचंय.’’